चौदावी ओळ

३ फेब्रुवारी
वर्कशॉप, दुपारी

भुंग्या,

तुझ्या शब्दकोशाच्या कार्यालयाचं पाकीट मिळालं. मायना आहे "माननीय तंत्रज्ञ". नऊ वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र यावं आणि त्यात मी माननीय! खाली सही तुझीच आहे, पण डाव्या हाताची, कलती. उजव्या हाताने लिहायचं तू सोडलंस, हे मला या सहीवरून कळलं. बरं वाटलं नाही.

सोबत तक्ता आहे. यंत्रांच्या फिरणाऱ्या भागांचे शब्द, चाळीस ओळी. प्रत्येक शब्दापुढे दोन रिकाम्या जागा: 'हा कशाचा भाग?' आणि 'याचे भाग कोणते?' सूचनेत म्हटलंय की हे सगळं संगणकाला शिकवायचं आहे, कारण त्याला शब्द पाठ असतात, पण पातं पंख्यात असतं की पंखा पात्यात, हे कळत नाही. वेल्डरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, त्याला दोन महिने आपल्याकडे पाठवा म्हणावं. झाडू मारायला लावू, शिकेल आपोआप."

पाकीट सरळ केराच्या डब्यात टाकणार होते. मग वाटलं, दुसरं कुणी भरेल आणि चुकीचं भरेल. बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरत्या चाकांचा तोल साधत बसून मला नऊ वर्षं झाली. तर घे.

ओळ ३, बेअरिंग. ते शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा भाग, की हाऊसिंगचा, म्हणजे बाहेरच्या घराचा? भांडण आहे दोघांचं. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसलेली, बाहेरची कडी हाऊसिंगमध्ये घट्ट, आणि मधले छर्रे दोघांच्या ओढाताणीत गरगरतात. त्यांना पिंजऱ्यात घालतात म्हणून निभावतं. 'दोन्हींच्या मधला' असा तुमच्याकडे रकाना नाही. करा.

ओळ ६, आस. आस म्हणजे जिच्याभोवती सगळं फिरतं ती रेषा. शाफ्टच्या बरोबर मधून जाते, पण शाफ्ट कापून बघितलास तर हाती काही लागणार नाही. भाग नाही, असं लिही.

ओळ ९, वजन. चाकाची जी बाजू हलकी निघते तिथे आम्ही पत्र्याचा तुकडा लावतो. हातात आहे तोवर तुकडा. वेल्ड झाला की चाकाचा भाग. आणि टाका पडत असताना काय म्हणायचं, ते तुमच्या साहेबांना विचार.

ओळ ११ मध्ये विचारलंयस, भाग सुटा झाला तरी भाग राहतो का. रॅकवर एक पातं सात वर्षं पडून आहे. वर बोटभर धूळ. तरी कुणाला आणायला सांगायचं झालं की आम्ही 'पंख्याचं पातं' असंच म्हणतो.

बाकीच्या ओळी तक्त्यात भरल्यात. चौदावी राहिली. पान उलटताना सुटली असेल.

बाबांना हे पाकीट दाखवलेलं नाही. त्यांना आता ऐकू फार कमी येतं. डोळे मात्र ठणठणीत आहेत, त्यामुळे पाकीट माझ्या डब्याच्या पिशवीत लपवलंय.

माननीय तंत्रज्ञ


१२ फेब्रुवारी

भुंग्या,

तक्ता परत आला. चौदाव्या ओळीभोवती लाल गोल. सोबत पत्र नाही, चिठोरं नाही, साधं 'ताई' नाही. फक्त शिक्का: महिनाअखेरपर्यंत भरून पाठवावा, छपाईला जायचे आहे. गोल तू दोनदा गिरवलायस. कागद मागून फुगलाय.

सुटली नव्हती ती ओळ. मीच सोडली होती. झालं समाधान?

सकाळपासून कामात लक्ष नाही. एका रोटरला वजन तीनदा उलट्या बाजूला लावलं. वेल्डर म्हणाला, "ताई, आज रोटर ठीक आहे, तुम्हीच हलताय." त्याच्यावर उगाच खेकसले. मग चहा पाजला.

ओळ १४, पंखा. भरते, ऐक. पाया, खोका, मोटर, पट्टा, शाफ्ट, चाक, हे सगळं मिळून अख्खं यंत्र म्हणजे पंखा. आणि खोक्याच्या आत जे पात्यांचं चाक फिरतं, तेही पंखाच. पुस्तकात त्या चाकाला इंपेलर म्हणतात, पण बाबांच्या तोंडात तो शब्द कधी बसला नाही. ते म्हणायचे, "पंख्याचा पंखा काढ." आणि आपण दोघं तोंड फिरवून हसायचो. म्हणजे तुझ्या तक्त्यात असं लिहावं लागेल: पंखा हा पंख्याचा भाग. संगणकाला घेरी येईल.

तसं बघितलं तर आपल्या भाषेत सगळं एका 'चा'वर भागतं. पंख्याचं पातं, पंख्याचा आवाज, पंख्याचा मालक. पातं पंख्याचा भाग आहे आणि मालक नाही, हे 'चा'वरून कुणाला कळणार? घरी बाबा त्या दिवसाला 'पंख्याचा दिवस' म्हणतात. तुझी दोन बोटं गेली तो दिवस. बाबा म्हणतात, मी मान हलवते.

नवीन माणूस कामाला आला की पहिल्या सकाळी बाबा त्याला ती गोष्ट सांगतात. पोरीने सांगितलं होतं की पंखा बांधायचाय, पोराने नीट ऐकलं नाही, तसाच हात घातला. मग भिंतीकडे बोट दाखवतात. तू गेल्यावर त्यांनी तिथे स्वतःच्या हाताने एक वाक्य रंगवलंय, हातभर उंचीची अक्षरं: आधी ऐका, मग हात घाला. माझं मशीन त्या भिंतीसमोर आहे. मान वर केली की ते दिसतं.

तुझ्या तक्त्यात एकोणतिसावी ओळ आहे, चावी. कुलपाची नव्हे. शाफ्ट आणि त्याला दुसऱ्या शाफ्टशी जोडणारं कपलिंग एकत्र फिरावीत म्हणून दोघांच्या खाचांमध्ये मिळून बसवतात तो पोलादी तुकडा. ती कुणाचा भाग? यावर आमच्या धंद्यात छान तोड आहे. नुसता शाफ्ट बॅलन्स करायचा असेल तेव्हा त्याच्या खाचेत अर्धीच चावी बसवायची, कारण उरलेली अर्धी कपलिंगच्या वाट्याची. एकाने पूर्ण धरली आणि दुसऱ्याने अर्धी, की जोडल्यावर यंत्र थरथरतं.

मला वाटतं, त्या दिवसाचंही असंच धरावं. एकाने बोलण्यात घोळ घातला, दुसऱ्याने ऐकण्यात. अर्धं तुझं, अर्धं माझं. नऊ वर्षं झाली, आता संपव. चौदावी ओळ भरली आहे. आता लाल पेन ठेव खाली.

ताई


१३ फेब्रुवारी, सकाळ

कालचं पत्र टपालात टाकलं (तक्ता सोबत घालायचा राहिला) आणि घरी येईपर्यंत पस्तावले. पेटीत हात घालून काढता येतं का तेही बघितलं. तोंड अरुंद आहे.

त्यातलं अर्ध्या चावीचं खरं धरू नकोस. चावीबद्दल खरं आहे, आपल्याबद्दल नाही.

वर्कशॉपला रंग काढायचं चाललंय. सगळ्या भिंती पांढऱ्या होणार. ते वाक्य मात्र बाबांना पुन्हा हवंय, ताज्या रंगात, आणखी मोठं. पेंटर म्हणाला, महिनाअखेरीला अक्षरं टाकू, सरळ यावीत म्हणून दोरी धरायला कुणीतरी लागेल. बाबा म्हणाले, "ही धरेल की."

मला ती दोरी धरायची नाही, भुंग्या. बाकी नंतर लिहिते. 


२० फेब्रुवारी

भुंग्या,

सहा कागद फाडले. हा सातवा. हा तरी धड लिहीन.

त्या दिवशी आपण दुरुस्तीला गेलो त्या कारखान्यात दोन पंखे शेजारी शेजारी होते, दोघांची हवा एकाच मोठ्या नळात जायची. आपल्या दुरुस्तीचा पंखा बंद होता. शेजारचा चालू झाला की नळातली हवा उलटी येऊन बंद पंख्याचं चाकही फिरवते. म्हणून हात घालण्याआधी चाक दोरीने बांधायचं. हे आपल्याला लहानपणापासून पाठ. चाक बांधायचं काम त्या दिवशी माझं होतं.

मी आधी खाली वाकून पायाचे बोल्ट आवळत होते. अख्खा पंखा पायाला बांधत होते. शेवटचा बोल्ट घट्ट झाला. तू खोक्याच्या झडपेशी उभा होतास. तिथून ओरडलास, "ताई, पंखा?"

मी म्हणाले, "बांधलाय."

तू चाकाचं विचारलंस, मी यंत्राचं सांगितलं. तुझा पंखा आत होता, माझा बाहेर. तू झडप उघडून हात घातलास. त्यांच्या पाळीची वेळ झाली होती, शेजारचा पंखा नेहमीसारखा सुरू झाला.

इथवर चूक म्हणता येईल. या चुकीसाठी मी इतकी वर्षं तळमळले नसते. पुढचं तुला माहीत आहे आणि मलाही. फक्त आपण ते एकमेकांना कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात बाबांच्या सदऱ्यावर तुझं रक्त वाळत होतं. त्यांनी मला विचारलं, "तू त्याला नक्की काय म्हणालीस?" त्याच आठवड्यात त्यांनी बॅलन्सिंगचं मशीन माझ्या हाती दिलं होतं. पोरीच्या हाती मशीन म्हणून जो तो नाक मुरडत होता, आणि बाबा सगळ्यांना सांगत होते, हिच्या कामात खोट काढून दाखवा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी म्हणाले, बांधायचाय."

घाबरून निसटलं असं मी स्वतःला फार वेळा सांगितलं. निसटलं नव्हतं. दोन शब्द समोर होते, बांधलाय आणि बांधायचाय. मी दुसरा निवडला. जेमतेम एकदोन अक्षरांचा फरक होता आणि मला तो पुरला.

मग बाबा तुझ्या खाटेशी गेले. मी दारात उभी होते. "ताई म्हणते, ती बांधायचाय म्हणाली." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू ओरडशील. ओरड, असं मी मनात म्हणतही होते. तू म्हणालास, "असेल. मला नीट ऐकू आलं नसेल."

तू! लहानपणापासून मोटरच्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणायचास, म्हणून तुला भुंग्या नाव पडलं. बंद दारापलीकडून सांगायचास, तिसरं बेअरिंग गेलंय, उघडून बघा. आणि तेच निघायचं. वर्कशॉपमध्ये सगळ्यात तयार कान तुझा, आणि तू म्हणालास, ऐकू आलं नसेल. बाबा तुला म्हणाले, "कान गेले असतील तर माझ्याकडे काम नाही." तू बोटांमुळे गेला नाहीस. कानामुळे गेलास, आणि तो कान माझ्यासाठी दिलास.

याचा मला इतकी वर्षं राग आहे. हसू नकोस, खरंच आहे. तू भांडला असतास तर मी दोन दिवसांत कबूल झाले असते. तू मोठेपणा दाखवलास आणि मला त्याच्याखाली ठेवून निघून गेलास. धाकट्याने असं वागू नये.

तर अर्धी चावी मी परत मागते. ती पूर्ण माझी आहे. तू नीट ऐकलं होतंस. मी 'बांधलाय' म्हणाले होते.

हे पत्र तुला पोचेल तोवर बाबांना सांगितलेलं असेल. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ताई


२७ फेब्रुवारी
वर्कशॉप, जेवणाच्या सुट्टीत

भुंग्या,

सांगितलं. पण कसं, ते ऐक.

मी ठरवलं होतं, घरी, शांतपणे, दोघंच असताना सांगायचं. चार दिवस घरी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले आणि भाजीबद्दल बोलून उठले. परवा सकाळी पेंटर दोरी घेऊन आला. बाबा खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले. भिंतीला पांढरा रंग देताना जुनी अक्षरं तेवढी वगळली होती, त्यांच्यावरूनच नवीन, मोठी गिरवायची होती. पेंटरने दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते सोडून दिलं आणि म्हणाले, "बाबा, हे वाक्य खोटं आहे."

"काय?"

"मी त्याला बांधायचाय म्हणाले नव्हते. बांधलाय म्हणाले होते."

बाबांनी कानामागे हात धरला. "हो. बांधायचाय म्हणालीस. माहीत आहे मला."

"नाही बाबा, बांधलाय!"

"तेच ना. बांधायचाय."

आता काय करणार? मी ओरडले. "बांधलाय! लाय! बांध-लाय! मी तुमच्याशी खोटं बोलले!" आणि नेमकं त्याच वेळी लेथवाल्याने मशीन बंद केलं. अख्ख्या वर्कशॉपला ऐकू गेलं. वेल्डरने काच वर केली. पेंटर एक पाय शिडीवर ठेवून तसाच उभा राहिला. ज्या सात माणसांना बाबांनी पहिल्या सकाळी तुझी गोष्ट सांगितली होती, ती सातही तिथे होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून ते तुझ्या या तक्त्यापर्यंत, त्याच आवाजात. एकदा वर चढवलेला आवाज खाली येईना.

बाबा उठले आणि घरी गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पण माझ्याकडे न बघता. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मशीनची किल्ली त्यांच्या खुर्चीवर ठेवली. म्हटलं, हवी तर काढून घ्या.

आज सकाळी मी आले तेव्हा ते आधीच आले होते. या वयात शिडीवर! खाली वेल्डर दोन्ही हातांनी शिडी धरून उभा, आणि मला बघून डोळ्यांनी सांगतोय, माझं काही चाललं नाही. बाबा पत्र्याने भिंत खरवडत होते. सगळं वाक्य नाही. फक्त 'ऐका' तेवढं. सावकाश, एकेक रेघ. खाली उतरले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

मला म्हणाले, "तो नीट ऐकत होता."

मी म्हणाले, "हो."

"मीच त्याला म्हणालो, कान गेले."

मी शिडीला टेकून उभी राहिले. मग ते म्हणाले, "दोन्हीला पंखा म्हणायला मीच शिकवलं तुम्हाला." मला कळलं, ते आपल्या वाट्याची चावी शोधतायत. मी दिली नाही. म्हणाले, "बाबा, शब्द तुमचा होता, खोटं माझं होतं." त्यांनी मग खिशातून मशीनची किल्ली काढून माझ्या मशीनवर ठेवली, जरा आपटूनच. माफ केलं असं समजू नकोस, मीही समजत नाही. काम पडलं होतं, एवढंच.

पेंटरने विचारलं, "मालक, मधे काय लिहू?" भिंतीवर आता असं आहे:

आधी ______, मग हात घाला.

वेल्डर म्हणाला, "पाहा" लिहा. लेथवाला म्हणाला, "विचारा".  बाबांनी पेंटरला डबा ठेवून जायला सांगितलं. म्हणाले, "शब्दांचं काम माझ्या पोराचं आहे. तो ठरवेल." मी म्हटलं, बरं, पत्रातून विचारते. तर माझ्यावर केवढ्याने ओरडले! "पत्रातून कशाला? भिंतीवर लिहायला माणूस यावा लागतो!"

तुझा तक्ता सोबत आहे. चौदावी ओळ नव्याने भरली आहे. पंखा, एक: अख्खं यंत्र. पंखा, दोन: त्यातलं चाक. दोघांचे भाग वेगवेगळे लिहिलेत. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलंय: नुसतं 'पंखा बांधलाय' असं कुणी सांगितलं, तर कोणता ते विचारावं, आणि सांगणारी मोठी बहीण असेल तर दोनदा विचारावं. साहेबांना नको असेल तर खोडतील.

आमची एक ओळ मात्र रिकामी आहे, आणि ती टपालाने भरता येणार नाही. शिडी भिंतीला लावून ठेवली आहे. रंग झाकून ठेवलाय, आठवडाभर तरी वाळणार नाही. डाव्या हाताने रंगवलंस तर अक्षर कलतं येईल. येऊ दे.

ताई